मोटारीचें बळ आणि तिचा तोल

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी स्वतःची लहान मोटारगाडी घेऊन आला होता. गाडी जुनी, दुसऱ्याकडून विकत घेतलेली. परंतु तिच्या एंजिनाची शक्ति त्यानें एका कारखान्यांतून नुकतीच वाढवून आणली होती. क्षणार्धांत वरच्या वर्गांतील मुलांचा तिच्याभोंवतीं गराडा पडला. 'हिची अश्वशक्ति किती?' 'ताशीं किती वेगानें पळते?' असे प्रश्न सर्व बाजूंनीं येऊं लागले. ती थांबते किती अंतरांत, हा प्रश्न मात्र एकानेंही विचारला नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हांसही तो त्या वेळीं सुचला नाहीं.

पुढें दीड महिन्यानें हाच तरुण आईवडिलांना घेऊन पांचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरत होता. दोन वळणांमधील सरळ तुकड्यावर गाडी जोरानें सोडावी आणि वळण आलें कीं ब्रेक दाबावा, असा क्रम चालला होता. अर्धा घाट उतरल्यावर कांहीं जळल्याचा वास आला, आणि पुढच्याच वळणापूर्वीं पायाखालचा ब्रेक मऊ पडून तळाशीं गेला. त्यानें प्रसंगावधान राखून खालचे गिअर टाकले, हातब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूस गाडी घालून ती कशीबशी थांबविली. कोणास इजा झाली नाहीं, ही देवाची कृपा. नंतर तो आम्हांस भेटला, तेव्हां इतकेंच म्हणाला, "सर, शक्ति वाढविली, पण बाकीचें कांहींच पाहिलें नाहीं."

हें 'बाकीचें' म्हणजे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शक्तीचीच गोष्ट घेऊं. शक्ति दुप्पट केली म्हणजे वेगही दुप्पट होतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. गाडी वेगानें धांवूं लागली कीं तिची मुख्य झुंज वाऱ्याशीं असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो विरोध सोसून पुढें जाण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून वेग दुप्पट करावयाचा तर सुमारें आठपट शक्ति पाहिजे. उलट, शक्ति दीडपटीहून थोडी अधिक वाढविली तर कमाल वेगांत फार तर सहाव्या हिश्श्याची भर पडते.

या नियमाचें एक बोलकें उदाहरण मोटारींच्या इतिहासांत आहे. १९५६ सालीं सुवेझ कालव्याच्या प्रकरणामुळें इंग्लंडांत पेट्रोलची टंचाई पडली. तेव्हां ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन या कंपनीनें थोड्या पेट्रोलवर चालणारी एक लहान गाडी तयार करण्याचें काम अलेक इसिगोनिस या यंत्रविशारदाकडे सोंपविलें. त्यांनीं जी गाडी घडविली तीच प्रसिद्ध 'मिनी'. ती २६ ऑगस्ट १९५९ रोजीं लोकांपुढें आली. तिची लांबी अवघी दहा फूट. एंजिन आडवें बसविलेलें, पुढचीं चाकें गाडी ओढणारीं, चाकें फक्त दहा इंचांचीं आणि स्प्रिंगांच्या ऐवजीं रबराचे शंकु. चाकें गाडीच्या अगदीं चार कोपऱ्यांना असल्यामुळें आणि वजन खालच्या बाजूस असल्यामुळें ही गाडी वळणावर रस्ता घट्ट धरून राही.

या मिनीच्या पहिल्या नमुन्यांत ९४८ घन सेंटिमीटरांचें एंजिन होतें आणि त्यावर ती ताशीं नव्वद मैलांहून अधिक वेगानें पळत असे. तिच्या कर्त्यांना एवढा वेग सामान्य कुटुंबाच्या गाडीला नको तितका वाटला, म्हणून त्यांनीं मुद्दाम एंजिन लहान करून ८४८ घन सेंटिमीटरांचें केलें. त्याची शक्ति ३४ अश्वशक्ति होती. सर्वत्र शक्ति वाढविण्याची स्पर्धा चालू असतां एका कंपनीनें आपण होऊन ती कमी करावी, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें जॉन कूपर यांची दृष्टि या गाडीवर पडली. त्यांच्या कंपनीच्या शर्यतीच्या गाड्या चालवून जॅक ब्रॅबहॅम १९५९ व १९६० या दोन्ही वर्षीं जगज्जेता झाला होता. गाडी वळणावर इतकी चांगली चालते, तर तिला थोडें अधिक बळ द्यावें, असें कूपर यांस वाटलें. इसिगोनिस यांना ही कल्पना प्रथम फारशी रुचली नाहीं. परंतु कंपनीचे प्रमुख जॉर्ज हॅरिमन यांनीं मान्यता दिली, आणि १९६१ सालीं 'मिनी कूपर' निघाली. एंजिन ९९७ घन सेंटिमीटरांचें व शक्ति ५५ अश्वशक्ति झाली.

आतां वरचा नियम पडताळून पाहूं. ३४ वरून ५५, म्हणजे शक्तींत शेंकडा ६२ वाढ. साध्या मिनीचा कमाल वेग ताशीं सुमारें ११६ किलोमीटर होता. १.६२ चें घनमूळ सुमारें १.१७ येतें, त्यानें ११६ ला गुणिलें असतां १३६ मिळतात. कूपरचा वेग प्रत्यक्षांत सुमारें तितकाच भरला. पण धांवत्या गाडींतील ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढते, आणि १.१७ चा वर्ग सुमारें १.३७ होतो. म्हणजे कमाल वेगावरून थांबतांना ब्रेकांवर पडणारें काम सदतीस टक्क्यांनीं वाढलें. हा हिशेब कर्त्यांनीं ओळखला होता. म्हणूनच कूपरला नव्या एंजिनाबरोबर पुढच्या चाकांना तबकडीचे ब्रेक दिले गेले. साध्या मिनीला ते नव्हते. १९६३ सालीं ७० अश्वशक्तीची 'कूपर एस' निघाली, तेव्हां या तबकड्या आणखी मोठ्या करण्यांत आल्या आणि ब्रेक दाबण्यास सहाय्य करणारें यंत्रही जोडलें गेलें. प्रत्येक वेळीं बळ वाढलें तसा लगामही वाढला.

याच कूपर एसनें पॅडी हॉपकर्कच्या हातीं १९६४ ची मॉन्टे कार्लोची अवघड शर्यत जिंकली. दुसऱ्या क्रमांकावर ४.७ लिटर एंजिनाची बलाढ्य फोर्ड फाल्कन होती. मिनीचें एंजिन जेमतेम १.१ लिटरचें. त्या शर्यतीच्या नियमांत लहान एंजिनांना कांहीं सवलत होती, हेंही येथें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. तरीही बर्फाच्या आणि वळणांच्या रस्त्यांवर एवढीशी गाडी एवढ्या मोठ्या गाडीच्या जोडीला टिकली, ती केवळ एंजिनाच्या जोरावर नव्हे. १९६५ व १९६७ सालींही ती शर्यत मिनीनेंच जिंकली.

आतां वळणाचें गणित पाहूं. गाडी कितीही मोठी असो, ती रस्त्याला चारच ठिकाणीं टेकते, आणि प्रत्येक टायरचा टेकलेला भाग आपल्या पंजाहून फारसा मोठा नसतो. वेग वाढविणें, थांबणें आणि वळणें हीं तिन्ही कामें या चार पंजांएवढ्या जागेंतील घर्षणानेंच व्हावयाचीं असतात. घर्षण म्हणजे जणूं घरांतील ठराविक मिळकत. सगळी मिळकत ब्रेकांवर खर्च केली तर वळण्यासाठीं कांहीं उरत नाहीं. ज्या गाडींत पुढचींच चाकें ओढणारीं असतात, तेथें वळणावर एकदम जोर दिला तर तीं चाकें वळण्याचें काम सोडून फिरूं लागतात आणि गाडीचें नाक वळणाबाहेर जातें. मागचीं चाकें ढकलणारीं असलीं तर शेपूट बाहेर पळतें. म्हणून शक्ति जितकी अधिक, तितकी चूक करण्यास लागणारी पायाची हालचाल लहान.

समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे, रस्ता सपाट व कोरडा आहे आणि घर्षणाचा गुणक ०.८ आहे. वेगाचा वर्ग म्हणजे घर्षणगुणक, गुरुत्वत्वरण व त्रिज्या यांचा गुणाकार. ०.८ × ९.८ × ५० बरोबर ३९२. त्याचें वर्गमूळ सेकंदाला सुमारें १९.८ मीटर, म्हणजे ताशीं ७१ किलोमीटर. पावसानें रस्ता ओला होऊन गुणक ०.४ वर आला तर हीच मर्यादा ताशीं ५० किलोमीटरांवर उतरते. या गणितांत अश्वशक्ति कोठेंच येत नाहीं, हें विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें. एंजिन कितीही जबरदस्त असलें तरी वळण टायर व रस्ता यांच्याच हुकुमानें चालतें.

थांबण्याचेंही तसेंच. त्याच कोरड्या रस्त्यावर ताशीं ७२ किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारें साडेपंचवीस मीटरांत थांबूं शकते. वेग ताशीं १०८ केला तर सुमारें साडेसत्तावन्न मीटर लागतात. वेग दीडपट, पण अंतर सव्वादोनपट. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरला, तर पहिली गाडी आणखी २० मीटर आणि दुसरी ३० मीटर पुढें जाते.

आणि ही गाडी थांबते तेव्हां तिची ऊर्जा जाते कोठें? ती ब्रेकांत उष्णता होते. पांचगणीहून वाईस येतांना गाडी साडेपांचशें मीटरांहून अधिक खालीं उतरते. एक हजार किलो वजनाच्या गाडीची या उतारांत सुटणारी ऊर्जा ही ताशीं ७२ किलोमीटर वेगाची तीच गाडी सत्तावीस वेळां थांबविण्याइतकी होते. खालचा गिअर टाकला म्हणजे यांतील मोठा वाटा एंजिन उचलतें. न टाकल्यास बहुतेक सगळा भार ब्रेकांवर येतो. आमच्या तरुण मित्रानें वरून दर सरळ तुकड्यावर वेग वाढवून त्यांत भर घातली. त्याच्या ब्रेकांतील तेलही कित्येक वर्षें बदललेलें नव्हतें. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ३ या प्रतीचें नवें तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. तेल उकळलें कीं नळींत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलें जात नाहीं, पण वाफ दाबली जाते; म्हणून पाय तळाशीं जातो आणि चाकाला जोर पोंचत नाहीं.

राहिली गोष्ट स्प्रिंगांची व धक्काशोषकांची. धक्काशोषकाचें काम चाकाला उसळूं न देतां रस्त्यावर टेकवून ठेवणें हें आहे. तो निकामी झाला तर उत्तम टायरही क्षणोक्षणीं हवेंत असतो. म्हणून कित्येकजण अतिशय ताठ स्प्रिंगा बसवितात आणि गाडी जमिनीलगत आणतात. शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर हें शोभतें. खड्ड्यांच्या रस्त्यावर मात्र ताठ गाडी उड्या मारते आणि पकड उलट कमी होते. तसेंच फार रुंद व जड चाकें लावलीं तर लहान एंजिन त्यांच्या ओझ्यानेंच दमतें. शक्तीचा अतिरेक जसा वाईट, तसा पकडीच्या नांवाखालीं केलेला खर्चही वायां जाऊं शकतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण मोटारीलाही लागू आहे.

मग कोणास आपली गाडी सुधारावयाची असेल तर त्यानें क्रम कसा ठेवावा? आमच्या मतें प्रथम जें मूळचें आहे तें धडधाकट करावें: टायर, ब्रेकांचे गुटके व तेल, धक्काशोषक, झिजलेलीं रबरें, चाकांची सरळ रेषा. एवढ्यानेंच पुष्कळ जुन्या गाड्या नव्यासारख्या चालूं लागतात. नंतर जरूर तर अधिक चांगले टायर व ब्रेक. त्यानंतर अनावश्यक वजन कमी करावें, कारण हलकी गाडी धांवण्यांत, वळण्यांत व थांबण्यांत तिन्हींकडे सुधारते. एंजिनाची शक्ति सर्वांत शेवटीं, आणि तीही पकडीला झेपेल इतकीच. पालकांनीं हेंही जाणावें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल गाडींत मनास येईल तसा करतां येत नाहीं. नियमानें परवानगी घ्यावी लागते. कारखानदार पैसे घेऊन मोकळा होतो. जबाबदारी मालकाची राहते.

गेल्या महिन्यांत आमचा तो मित्र पुन्हां शाळेंत आला. एंजिन त्यानें पूर्ववत् करून घेतलें होतें आणि चार नवे टायर, नवे ब्रेक व नवे धक्काशोषक बसविले होते. मुलें धांवत आलीं. एकानें नेहमींप्रमाणें विचारलें, 'आतां हिची अश्वशक्ति किती?' तो हंसला आणि म्हणाला, 'पहिल्याहून कमी. पण थांबायला किती अंतर लागतें तें विचार, तें आतां मला ठाऊक आहे.' मग मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर मुलांनीं टेपानें तें अंतर मोजलें, आणि वर दिलेल्या रीतीनें गणित करून पाहिलें. विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षें पूर्ण होऊन मोटार चालविण्याचा परवाना तुमच्या हातीं पडेल, तेव्हां गाडींत बसण्यापूर्वीं हें गणित एकदां अवश्य करून पाहा.