विटलेल्या कपड्याला घरचा रंग

बिलोलीत जून लागला की घरोघरी दोन हिशेब मांडले जातात. एक पेरणीचा, दुसरा शाळेचा. बी-बियाणे आणि वह्या-पुस्तके यांतच पैसा संपतो. कपड्यांना उरत नाही. मग कोणा ओळखीच्यांनी दिलेला, नाहीतर बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून उचललेला सदरा घरात येतो.

आमच्या मुलीसाठी असाच एक फिकट निळा कुर्ता आला. ती तो घालून शिकवणीला गेली आणि परतली ती गप्पच. सोबतची एक मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली होती, "अगं, हा तर माझा जुना ड्रेस!" तिच्या मनात काही वाईट नसेलही. पण आमच्या मुलीने तो कुर्ता पुन्हा अंगाला लावला नाही.

जुने कापड वापरण्यात कमीपणा नाही. कमीपणा सक्तीत असतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्यांची वस्त्रे वापरावीत असा दंडक आहे. तो ग्रंथ २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना सांगितले की, लुगडे फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असले पाहिजे. आणि बुद्धाचे भिक्खू? ते तर टाकून दिलेली, उकिरड्यावरची, स्मशानातली वस्त्रे स्वतःहून उचलत. धुऊन, शिवून, रंगवून त्यांचे चीवर करीत. कापड दोन्हीकडे टाकलेलेच. पण एकीकडे हुकूम आणि दुसरीकडे स्वतःची निवड!

विनयपिटकातल्या महावग्गात रंगवण्याची रीतही आली आहे. मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ असे सहा प्रकारचे रंग भगवंतांनी सांगितले. थंड रंगाने चीवराला वास येऊ लागला, तेव्हा रंग उकळण्याची परवानगी दिली. रंग शिजला की नाही हे पाहायला त्याचा थेंब पाण्यात किंवा नखावर टाकावा, इतका बारकावा त्यात आहे. हे वाचून आम्हीही चूल पेटवली.

आधी कापड ओळखावे. शिवणीच्या आतून एक धागा काढून जाळावा. कागदासारखा जळून राख झाली तर सुती. वितळून कडक गाठ झाली तर पॉलिस्टर. दुकानात मिळणारी सुती कापडाची रंगपुडी पॉलिस्टरवर चढत नाही. टेरीकॉटमध्ये सुताचा भाग रंगतो, म्हणून रंग फिकाच येतो. दुसरे असे की रंग नेहमी गडदाकडे न्यावा. फिकट निळ्याचा गडद निळा होतो. निळ्यावर पिवळा घातला तर हिरवा होतो.

कपडा साबणाने धुऊन तेल, खळ काढावी आणि ओलाच ठेवावा. पाव किलो कपड्याला पाच लिटर पाणी घ्यावे. भांडे स्टीलचे आणि केवळ याच कामाचे असावे. त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये. हातात रबरी मोजे घालावेत, लेकरांना दूर ठेवावे. पुडी वाटीभर गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळून ओतावी. कण राहिले तर कपड्यावर ठिपके पडतात. कपडा घालून मंद आचेवर पाऊण तास ठेवावा. अर्ध्या वेळाने कपडा बाजूला सारून दोन मोठे चमचे मीठ घालावे; मिठामुळे रंग सुतात नीट उतरतो. काठीने सारखे हलवत राहावे. आम्ही पहिल्या वेळी शेजारणीशी बोलत बसलो आणि पाठीवर ढगासारखे डाग पडले!

भांडे निवल्यावर कपडा स्वच्छ पाणी निघेपर्यंत खंगाळून सावलीत वाळवावा. पहिल्या चार धुण्यांना वेगळा धुवावा.

पुडी नको असेल त्यांनी डाळिंबाची साल उकळून तुरटीबरोबर पिवळा, बाभळीच्या सालीचा तपकिरी रंग करून पाहावा. डाळिंबाच्याच पाण्यात गंजके खिळे टाकले तर काळपट रंग येतो. हळदीवर मात्र विसंबू नये, ती उन्हात उडते.

त्या कुर्त्याचे काय झाले? मुलीनेच काठी हातात घेतली. कुर्ता गडद निळा झाला. शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा, तो तसाच फिकट राहिला. जणू मुद्दाम घातलेली नक्षी! तोच कुर्ता घालून ती शिकवणीला गेली. त्याच मैत्रिणीने विचारले, "कुठून घेतलास गं?"

आमची लेक म्हणाली, "घेतला नाही, मी केलाय."