दुकान जोरात चालतंय, मग बँक गृहकर्ज का देत नाही? पहिलं घर घेणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी

कॅश फ्लोवरच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, महिन्याला पन्नास हजार सुटतात, बदलापूरला वन बीएचके घ्यायचाय, पण बँकवाले उभं करत नाहीत." कोणी टिटवाळ्याचं विचारतं, कोणी वांगणीचं, कोणी नालासोपाऱ्याचं. जागा बदलते, अडचण तीच.

घर घेण्याबद्दल जे काही सांगितलं जातं ते बहुतेक नोकरदार माणूस डोळ्यांसमोर ठेवून. पगार स्लिप, फॉर्म १६, संपला विषय. आपलं तसं नाही. आपला पगार आपणच काढतो, आणि काढतो म्हणजे काय, गल्ल्यातून उचलतो. म्हणून आज फक्त आपल्या बाजूने बोलू.

आधी बँकेचं डोकं समजून घ्या. बँकेला तुमच्या दुकानातली गर्दी दिसत नाही. तिला दिसतात दोन-तीन वर्षांचे आयटीआर, करंट खात्याचं स्टेटमेंट, जीएसटी असेल तर त्याची रिटर्न आणि सिबिल. गेली अनेक वर्षं आपल्याकडे पद्धत काय? सीएला सांगायचं, "टॅक्स लागणार नाही एवढंच दाखवा." छोटे व्यापारी ज्या योजनेत रिटर्न भरतात, जिला सगळे ४४ एडी म्हणतात, तिच्यात रोखीच्या उलाढालीवर किमान ८ टक्के आणि बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या उलाढालीवर किमान ६ टक्के नफा दाखवावा लागतो. लक्षात घ्या, किमान. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. ४० लाखांची उलाढाल, त्यावर ८ टक्के म्हणजे ३ लाख २० हजार. बँकेच्या हिशोबाने तुम्ही महिन्याला २६-२७ हजार कमावता. साधारण त्यातला निम्मा भाग हप्त्याला जाऊ शकतो असं बँक धरते. म्हणजे १३ हजारांचा हप्ता. त्यात कुठलं घर?

आता गंमत बघा. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे ज्याचं खरं उत्पन्न सहा-सात लाख आहे, त्याने ते तीन लाख दाखवून वाचवलं काय? काहीच नाही. उलट कर्जाची पात्रता अर्धी केली. खरा नफा दाखवा आणि तो खात्यातून फिरू द्या. हे एका महिन्यात होत नाही, दोन वर्षं लागतात. २०२८ ला घर हवंय तर काम आज सुरू होतं. आणि नसलेलं उत्पन्न फुगवून दाखवायच्या नादाला लागू नका. खात्यातली जमा आणि रिटर्न जुळली नाही की फाइल परत येते.

"सर, आयटीआर न बघता कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत ना?" आहेत. हाउसिंग फायनान्स कंपन्यांची माणसं दुकानात येऊन बसतात, वह्या बघतात, माल बघतात आणि उत्पन्नाचा अंदाज बांधतात. पण त्यांचा व्याजदर जास्त असतो. समजा २२ लाख ४० हजारांचं कर्ज, २० वर्षं. ९ टक्क्यांनी हप्ता साधारण २०,१५० रुपये. १२ टक्क्यांनी २४,६६० च्या पुढे. महिन्याला साडेचार हजारांचा फरक, २० वर्षांत जवळपास १० लाख ८० हजार. दोन वर्षं भाड्याने राहून रिटर्न नीट भरली तर ते भाडं वाया गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

आता एकूण लागणारे पैसे. बोर्डावर लिहिलेलं असतं, "२८ लाखांत स्वप्नातलं घर". तुमच्या हातात किती हवेत? ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देता येतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण तो वरचा काठ झाला, आपण ८० टक्के धरून चालू. म्हणजे कर्ज २२ लाख ४० हजार, आपले ५ लाख ६० हजार. स्टॅम्प ड्यूटी शहरी भागात साधारण ६ ते ७ टक्के, म्हणजे १ लाख ९६ हजारांपर्यंत. रजिस्ट्रेशन १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार, इथे २८ हजार. बांधकाम चालू असेल तर जीएसटी: किंमत ४५ लाखांच्या आत आणि मुंबई महानगर प्रदेशात कार्पेट ६० चौरस मीटरच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नाही. हे झाले आणखी २८ हजार. इथपर्यंत ८ लाख १२ हजार झाले. वर बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, ग्रिल, पंखे, टेम्पो. नऊ लाख धरून चला. स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन कर्जात येईल या भरवशावर राहू नका, या किमतीच्या घराला ते धरत नाहीत.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सवलत आहे. इथे २८ हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. वहिनींचा व्यवसाय आणि त्यांची रिटर्न वेगळी असेल तर याचा जरूर विचार करा. सहअर्जदार म्हणून त्यांचं उत्पन्न धरलं की पात्रताही वाढते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो. हे नऊ लाख कुठून आणणार?

नव्वद टक्के दुकानदार एकच उत्तर देतात, "धंद्यातून काढतो." बीबीएला वर्किंग कॅपिटलचं प्रकरण आम्ही पाठ करून पास झालो, पण त्याचा अर्थ गल्ल्यावर बसल्यावर कळतो. समजा तुमचे ६ लाख मालात आहेत. वर्षात पाच वेळा माल फिरतो आणि प्रत्येक फेरीत १२ टक्के सुटतात. म्हणजे या ६ लाखांनी वर्षाला ३ लाख ६० हजार दिले, महिन्याला ३० हजार. आता हे ६ लाख तुम्ही बिल्डरला दिले. महिन्याचे ३० हजार थांबले आणि त्याच महिन्यापासून २० हजारांचा हप्ता सुरू झाला. मग होलसेलवाल्याकडे उधारी वाढते, रोखीवर मिळणारी सूट जाते, चालणारा माल रॅकवर नसतो, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. कल्याणकडच्या एका युनिफॉर्म-स्टेशनरीवाल्या दादांनी मार्चमध्ये असाच विचार केला होता. बॅचमध्ये सगळ्यांनी मिळून त्यांचा कागदावर हिशोब मांडला, तर मे-जूनच्या सीझनला माल भरायलाच पैसे उरत नव्हते. त्यांनी बुकिंग सीझननंतर नेलं. बस, एवढंच केलं.

माझं मत स्पष्ट आहे. मालातला पैसा हा घराचा पैसा नाही. घराचा पैसा दर महिन्याच्या नफ्यातून वेगळ्या खात्यात साठवा. आरडी करा, साधं बचत खातं काढा, काहीही. तो दुकानाच्या खात्यात ठेवू नका, कारण दुकानाला तोंड मोठं असतं. आणि ओव्हरड्राफ्ट किंवा कॅश क्रेडिटमधून डाउन पेमेंट तर अजिबात नाही. ती मर्यादा बँकेने धंद्याला दिलीय, ती फ्लॅटमध्ये अडकली की रिन्यूअलच्या वेळी प्रश्न येतात. शिवाय सहा हप्त्यांचे पैसे बाजूला हवेत. पावसाळ्यात धंदा मंदावतो हे तुम्हाला माहीत आहे, बँकेला त्याचं काही नसतं.

जागेचं बोलू. नोकरदार माणूस विचारतो, सीएसएमटीला किती वेळ? आपण विचारायचं, दुकान किती वाजता उघडतं आणि शटर किती वाजता पडतं? दुकान डोंबिवलीत आणि घर कर्जतला असेल तर स्वस्तातला फ्लॅट रोजच्या प्रवासात आणि रात्रीच्या गाडीच्या धास्तीत महाग पडतो. कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा या दोन्ही फाट्यांवर गाड्यांची संख्या कमी होत जाते. एखादी चुकली की बसा. सॅम्पल फ्लॅट रविवारी दुपारी बघतात सगळे. तुम्ही मंगळवारी रात्री, शटर पाडून, त्याच गाडीने जा. आणि एकदा जुलैत जा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ अडकली होती, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. नदीजवळ घर बघत असाल तर पूररेषा विचारा आणि स्थानिक किराणावाल्याला विचारा. तो एजंटपेक्षा खरं सांगेल. घरातून मसाले, केक, शिवणकाम असं काही करणार असाल तर सोसायटीचे नियम आणि पाण्याची वेळ आधीच बघा.

कागदपत्रांत मात्र घाई नको. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतं ना? पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराचे नंबर मिळवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचा आदेश दिला. नालासोपारा पूर्वेला डम्पिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव जागेवर ४१ इमारती उभ्या होत्या, त्या २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. त्यात राहणारी माणसं आपल्यासारखीच, रिक्षावाले, फेरीवाले, छोटे दुकानदार. आयुष्याची कमाई घातलेली.

म्हणून रेरा नंबर आहे एवढ्यावर थांबू नका. महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडा, तिथली कमेन्समेंट सर्टिफिकेटची प्रत घ्या आणि पालिका किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात जाऊन खात्री करा की ही परवानगी त्यांनीच दिलीय, आणि किती मजल्यांची दिलीय. सातवा मजला घेताय आणि परवानगी पाचपर्यंतच असेल तर तुमचा मजला हवेत. सातबारा, एनए, टायटल रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून तपासा, बिल्डरच्या वकिलाकडून नाही. तयार घर असेल तर ओसी. रिसेल असेल तर शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि आधीच्या सगळ्या करारांची साखळी.

दोन वाक्यं कानावर आली की सरळ उठा. एक, "नोटरी करून देतो, रजिस्ट्रेशन कशाला, खर्च वाचेल." नोटरीने घर नावावर होत नाही. दोन, "बँकेचं कर्ज नको, आमच्याकडेच हप्ते भरा." ज्या इमारतीला एकही बँक कर्ज देत नाही, तिथे कागदात काहीतरी अडलेलं असतं. त्या अर्थाने गृहकर्ज घेणं ही फुकटची तपासणीच आहे. आणि करार रजिस्टर होण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हे रेरा कायद्यातच आहे.

सरकारी योजना थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, आणि देशात कुठेही पक्कं घर नसावं. अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच हप्त्यांत. वरच्या उदाहरणातलं घर यात बसतं. म्हाडाच्या कोकण मंडळाची लॉटरी भरत राहा, पण नंबर लागेल म्हणून बाकी तयारी थांबवू नका.

कर्ज मिळालं की सीझनचा फायदा घ्या. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले तर दंड नाही. नोकरदाराला बोनस एकदा मिळतो, आपल्याला दिवाळी, लग्नसराई, शाळेचा सीझन असे दोन-तीन मोके मिळतात. पुढच्या सीझनचा माल भरून झाल्यावर उरतील ते पैसे मुद्दलात टाका आणि बँकेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. नवीन स्टेटमेंट मागून मुदत खरंच घटली का ते तपासा. काही वेळा शाखेत उलटं करून ठेवलेलं असतं, हप्ता कमी आणि वर्षं तेवढीच.