बी. एस्सी.च्या वाटेने दंतवैद्यकाकडे

बारावीनंतर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण थोडे कमी पडावेत आणि वर्ष वाया जाऊ नये म्हणून मुलीने शहरातल्याच महाविद्यालयात बी. एस्सी.ला नाव घालावे, ही हकिगत रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी कुटुंबांना अपरिचित नाही. पुढे वर्षभराने घरात प्रश्न उभा राहतो : दंतवैद्य होण्याची तिची इच्छा अजून पुरी होईल काय? आणि झाली, तर मध्यंतरीच्या वर्षाचे काय?

एके काळी हा प्रश्न याहून बिकट होता. रायपुरात छत्तीसगड महाविद्यालय १९३८ साली निघाले, विज्ञान महाविद्यालय १९४८ साली आणि वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली. दंतवैद्यकासाठी मात्र मुलांना इंदूर किंवा नागपूर गाठावे लागे. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि २००३ साली रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. राजनांदगाव, दुर्ग व बिलासपूर या परिसरांतही आता खाजगी दंत महाविद्यालये आहेत.

या शिक्षणाची गरज या प्रदेशाला किती आहे, हे येथील रहिवाशांस सांगावयास नको. गुडाखू नावाची तंबाखूची मळी सकाळ-संध्याकाळ दातांवर घासण्याची सवय छत्तीसगडात स्त्री-पुरुष दोघांतही आढळते. हिरड्यांचे विकार आणि मुखाचा कर्करोग यांचे मूळ अशा सवयींत असते. ते वेळीच ओळखणारा दंतवैद्य जवळपास असणे ही केवळ सोय नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिकेत विद्यार्थी प्रथम गावातल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात शिकतो, तेथील विषय पुढील विद्यापीठात जमेस धरले जातात, आणि मग प्रवेशपरीक्षा देऊन तो चार वर्षांच्या दंतशाळेत जातो. १९२० साली कलकत्त्यास देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन करणारे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी दंतवैद्यकाचे शिक्षण अमेरिकेतच घेतले होते. आपली पद्धत मात्र निराळी आहे. येथे बी. डी. एस.चा प्रवेश बारावीवर आधारलेला असून बी. एस्सी.च्या वर्षांची त्यात सूट मिळत नाही. पदवीधरालाही शरीररचनाशास्त्रापासूनच आरंभ करावा लागतो. चार वर्षे अभ्यासाची, एक वर्ष रुग्णालयातील अनुभवाचे, अशी पूर्ण पाच वर्षे द्यावी लागतात.

पण दार बंदही होत नाही. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेतलेला विद्यार्थी बी. एस्सी.त शिकत असतानाही ‘नीट’ ही राष्ट्रीय परीक्षा देऊ शकतो. वयाची किमान अट सतरा वर्षांची असून कमाल मर्यादा नाही. परीक्षा मराठीतूनही देता येते. १८० प्रश्नांना ७२० गुण असतात आणि त्यांपैकी निम्मे जीवशास्त्राला. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. प्रवेशाचा क्रम या गुणांवरच लागतो. महाविद्यालयातील गुणपत्रिका कितीही उजळ असली तरी तिचा येथे उपयोग नाही.

म्हणूनच पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व रसायन घेऊन बी. एस्सी. करणाऱ्यास जीवशास्त्र व रसायनाचा सराव राहतो, परंतु भौतिकशास्त्र सुटते, आणि गुण तेथेच गळतात. रोजचे दोन तास त्या विषयासाठी राखून ठेवल्यावाचून दुसरा प्रयत्न पहिल्याहून सरस होत नाही.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. शासकीय महाविद्यालयांतील पंधरा टक्के जागा अखिल भारतीय वाट्यात जातात, उरलेल्या राज्याच्या. दोन-तीन पिढ्या रायपुरात राहिलेल्या मराठी कुटुंबाने मूळ निवासी प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. आडनाव मराठी असले तरी महाराष्ट्राच्या वाट्यातील जागा सामान्यतः तेथेच दहावी-बारावी झालेल्यांना मिळतात. आजोळ नागपूरचे आहे एवढ्यावर ती मिळत नाही. प्रवेश मिळताच चालू महाविद्यालयातून नाव काढून दाखला आणावा लागतो, याचीही तयारी ठेवावी.

शेवटी किती वेळा प्रयत्न करावा? नियमाने त्याला मर्यादा नाही. घरातील विचाराने मात्र असावी. पहिल्या व दुसऱ्या वर्षी परीक्षा द्यावी आणि गुण वाढत नसतील तर पदवी मन लावून पुरी करावी, हा मार्ग बहुतेकांना मानवेल. अध्यापन, औषधनिर्मिती, प्रयोगशाळा ही क्षेत्रे पदवीधरांची वाट पाहत असतात. बी. एस्सी.चे वर्ष दंत महाविद्यालयाच्या हिशेबात धरले जात नाही हे खरे. पण ज्या मुलीने ते वर्ष नेटाने अभ्यासात घालविले, तिच्या पायाखाली दोन्ही वाटांवर भक्कम भूमी असते. घरच्यांनी तिला वेळ द्यावा, मर्यादाही सांगावी, आणि निर्णय तिच्यासह बसून घ्यावा.