चाकांवरचं घर – ९ : आधी बोगद्याचं माप

या आठवड्यात पाण्याच्या टाक्यांवर लिहीन म्हणालो होतो. टाक्या पुढच्या रविवारी. डेन्व्हरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न थांबण्यासारखा नाही. पुण्याहून आई-बाबा येताहेत, सप्टेंबरात तीस फुटी आरव्ही भाड्यानं घेऊन सगळे साउथ डाकोटातल्या ब्लॅक हिल्सला जाणार आहेत, मुक्काम कस्टर स्टेट पार्कात. त्या विचारतात, ‘नीडल्स हायवेवरचे सुळके आई-बाबांना आरव्हीत बसूनच दाखवता येतील ना?’

नाही येणार, ताई. पण हा नकार ज्या रस्त्यानं दिलाय, त्याच्यावर माझं फार प्रेम आहे. म्हणून आजचा अख्खा भाग त्याचाच.

हिशेब सरळ आहे. अमेरिकेत मोठ्या वाहनाच्या रुंदीची मर्यादा साडेआठ फूट, आणि मोठ्या आरव्ही बहुधा ती मर्यादा गाठूनच बांधतात. शिवाय त्या मापात बाजूचे आरसे धरत नाहीत. नीडल्स हायवेवरचा नीडल्स आय बोगदा रुंदीला आठ फुटांच्या आसपास. काही टूर बस त्यातून जातात हे खरं. पण त्यांची बांधणी जरा अरुंद असते, चालक नेहमीचा असतो, आरसे मिटलेले असतात आणि तरी कातळ नि पत्र्याच्या मध्ये जेमतेम बोटं मावतात. ते पाहून आपण धाडस करायचं नाही.

न मोजता आलेल्यांचं काय होतं, ते मी तिथं उभं राहून पाहिलंय. एक भलीमोठी आरव्ही बोगद्याच्या तोंडाशी येऊन थबकली. नवरा स्टिअरिंगवर. बायको खाली उतरली, हात पसरून भिंतीचा अंदाज घेतला आणि मान हलवली. मागं गाड्यांची रांग, समोरून बोगद्यातून कुणीतरी हॉर्न देतंय, वळायला जागा नाही. मागचे सगळे एकेक करून उलटे सरकले, तेव्हा कुठं ती गाडी इंचाइंचानं मागं आली. कुणी ओरडलं नाही, उलट दोघं-तिघं उतरून हातवारे करत मदतीला आले. पण त्या माणसाच्या कपाळावरचा घाम मला अजून दिसतो. उद्यानाच्या संकेतस्थळावर सगळ्या बोगद्यांची मापं दिलेली आहेत. मिनिटभराचं काम होतं.

हा बोगदा इतका अरुंद का? पीटर नॉरबेक हा मूळचा विहिरी खोदणारा माणूस. नळी खोल घालून पाणी काढायचा धंदा त्यानं नावारूपाला आणला, १९१७ साली तो साउथ डाकोटाचा गव्हर्नर झाला आणि पुढं सिनेटर. या सुळक्यांमधून रस्ता न्यायचाच, असं त्यानं मनावर घेतलं आणि घोड्यावरून, पायी हिंडून त्याची वाट स्वतः आखली. स्कोव्हेल जॉन्सन या इंजिनिअरनं सुरुंग लावून ती कातळात उतरवली. १९२२ मध्ये चौदा मैलांचा रस्ता पुरा झाला. गाड्या तेव्हा लहान होत्या, हे एक कारण. पण नॉरबेकला इथं वेग नकोच होता. हा मुलूख पाहायचा तर गाडी अगदी हळू चालवावी, आणि खरा पाहायचा तर उतरून चालावं, असं त्याचं म्हणणं. म्हणून हा रस्ता सुळके टाळून जात नाही, त्यांच्या अंगाला अंग लावून जातो. बोगद्यात काच खाली करून हात बाहेर काढला, तर सुरुंगासाठी पाडलेल्या भोकांच्या अर्धगोल खाचा बोटांना लागतात.

आणि तो कातळ! आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, म्हणून त्याच्या रेघा आडव्या. इथला ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश थिजला, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वी. पुढं हा प्रदेश घुमटासारखा वर उचलला गेला, वरचे थर झिजून गेले आणि ग्रॅनाइट उघडा पडला. त्याला उभ्या चिरा होत्या. चिरांत पाणी शिरायचं, गोठायचं, फुगायचं, कातळ फोडायचं. उरले ते सुळके. बोगद्याशेजारीच नीडल्स आय हा सुळका आहे, मधोमध तीन-चार फूट रुंद आणि तीस-चाळीस फूट उंच फट असलेला. रतनगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्यांनी याच्यासमोर जरा वेळ काढावाच.

याच चिरांनी पुढचा इतिहास वळवला. डोआन रॉबिन्सन या राज्य-इतिहासकाराच्या मनात पश्चिमेतल्या वीरांचे पुतळे या सुळक्यांतच कोरायचे होते. शिल्पकार गटझन बोरग्लम १९२४ मध्ये येऊन पाहून गेला. इतका बारीक, चिरलेला दगड कोरकामाला टिकणार नाही, हे त्यानं ओळखलं. माउंट रशमोर निवडला गेला आणि सुळके वाचले. मला याचा मनापासून आनंद आहे. आई-बाबांना हेही सांगा, की ही भूमी लाकोटा लोकांना पवित्र आहे. १८६८ च्या तहानं ती त्यांची होती, सोनं सापडल्यावर हिसकावली गेली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं भरपाई मंजूर केली, पण त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांना जमीन हवी आहे.

आता तुमचा बेत. तुमच्याकडे घरची गाडी आहे, तीच यातली किल्ली. एकानं आरव्ही चालवावी, दुसऱ्यानं गाडी मागून आणावी. आरव्ही गेम लॉजच्या कॅम्पग्राउंडवर लावा आणि निघायच्या दिवसापर्यंत हलवू नका. सिल्व्हन लेकचं कॅम्पग्राउंड सुळक्यांजवळ आहे खरं, पण तीस फुटी गाडी तिथं घेत नाहीत. जागा वर्षभर आधी राखता येते, तेव्हा आजच बघा. सप्टेंबर छान निवडलात. ऑगस्टच्या सुरुवातीला जवळच स्टर्जिसला मोटारसायकलवाल्यांचा मोठा मेळा असतो, तेव्हा सगळा परिसर भरतो. सप्टेंबरअखेर उद्यानातले गवे हाकून आणायचा सोहळा असतो, त्यालाही तशीच गर्दी. या दोहोंच्या मधला, शनिवार-रविवार सोडून आठवडा धरा.

सकाळी लवकर घरच्या गाडीनं लिजन लेककडून वर निघा. आधी आयर्न क्रीकचा बोगदा, मग नीडल्स आय. तोंडाशी थांबायचं, पलीकडून कुणी येत नाही ना पाहायचं, हॉर्न द्यायचा, मग आत. गाडी लावायला तिथं जागा थोडी, म्हणून लवकर. पुढं सिल्व्हन लेक. तळ्याभोवतीची मैलभराची वाट आई-बाबांना झेपेल, फक्त मागच्या अंगाला थोड्या पायऱ्या आहेत. पायाखालच्या मातीत अभ्रकाच्या चकत्या चमकतात. बाबांना त्या दाखवा, उचलू मात्र नका. सहा हजार फुटांवर सकाळी गारठा असतो, स्वेटर हाताशी असू द्या.

आरव्ही घेऊन रशमोरला जायचंच झालं, तर फोनमधल्या नकाशावर विसंबू नका. तो जवळची वाट म्हणून तुम्हाला आयर्न माउंटन रोडवर घालील, आणि तिथंही बोगदे आहेत. कस्टर गावातून हिल सिटीकडं जाणारा मोठा रस्ता घ्या, मग २४४ क्रमांकाचा. आयर्न माउंटन रोड घरच्या गाडीसाठी ठेवा. दक्षिणेकडून उत्तरेला जा, म्हणजे बोगद्याच्या चौकटीत समोर रशमोरचे चेहरे दिसतील.

उद्यानातल्या जागांवर वीज मिळते, पण पाण्याची नि सांडपाण्याची जोडणी नसते. आई-बाबांसह चार-पाच जणांचं घर दोन-तीन दिवस टाकीतल्या पाण्यावर चालवायचं म्हणजे टाक्यांचं गणित आलंच. ते पुढच्या रविवारी, नक्की. तोवर ताईंनी, आणि ज्यांचा असा बेत आहे त्या सगळ्यांनीच, भाड्यानं देणाऱ्या कंपनीला फोन करून तीन मापं लिहून घ्यावीत : आरशांसकट रुंदी, छतावरच्या एसीसकट उंची आणि मागच्या शिडीसकट लांबी.