सिकलसेलचा वाहक आणि त्याचे मूत्रपिंड

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग. शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतील भिल्ल-पावरा वस्त्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सदोष जनुक आईबाप दोघांकडून आले तर मूल रोगी होते. एकाकडूनच आले तर वाहक. वाहक धडधाकट असतो, म्हणून ‘तुला काही नाही’ असे सांगून त्याची बोळवण होते. हे बहुतांशी खरेही आहे. पण आम्हांस येथे थोडे थांबावेसे वाटते.

मूत्रपिंडाच्या गाभ्यात प्राणवायू विरळ आणि क्षार दाट. तेथे वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, केसाहून बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. मग लघवी दाट करून अंगातले पाणी राखण्याची शक्ती उणावते. क्वचित लघवीतून रक्तही जाते. अमेरिकेतील सुमारे १६,००० कृष्णवर्णीयांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वाहकांना मूत्रपिंडाचा जुनाट विकार होण्याचा संभव सुमारे दीडपट दिसला. तो आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. बहुसंख्य वाहकांची मूत्रपिंडे जन्मभर नीट चालतात.

मात्र वैशाखात रावेरच्या केळीबागेत राबणारा वाहक तहान मारून काम करतो आणि रात्री अंगदुखीची गोळी घेतो, तेव्हा त्या जनुकाला साथीदार मिळतात. रक्तदाब आणि मधुमेह हे आणखी दोन. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेतून मिळणारे कार्ड लोक सोयरीक जुळवताना पाहतात. तेच कार्ड दाखवून लघवीतील प्रथिनांची व रक्तातील क्रिअ‍ॅटिनिनची तपासणीही डॉक्टरांकडे मागावी.