आयकराचे विवरणपत्र : स्वतः भरावे की कोणाकडून भरून घ्यावे ?

जून-जुलै महिना आला की बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. “आता बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही ना, मग रिटर्न कशाला भरायचा ?” प्रश्न विचारणाऱ्यांत शिक्षक असतात, महानगरपालिकेचे कर्मचारी असतात, निवृत्त मंडळी असतात. आपल्या संस्थेच्या सभासदांतही नोकरदारांचा भरणा मोठा असल्यामुळे या स्मरणिकेत याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही. त्यापुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५ टक्के, १० टक्के, १५ टक्के असा दर चढत जातो. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर आधी कराची आकारणी होते आणि मग तेवढीच सूट देऊन तो शून्यावर आणला जातो. पगारदारांना ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, म्हणून त्यांच्या बाबतीत ही रेषा पावणेतेरा लाखांवर जाते. परंतु कर शून्य होणे आणि विवरणपत्राची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की कर शून्य असला तरी विवरणपत्र भरावेच लागते. मुदतीत न भरल्यास उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार आणि त्याहून जास्त असेल तर ५ हजार रुपयांपर्यंत विलंबशुल्क लागते. पगारदारांची नेहमीची मुदत ३१ जुलै. २०२५ साली ती वाढत वाढत १६ सप्टेंबरपर्यंत गेली म्हणून दरवर्षी तशीच वाढेल, या भरवशावर बसू नये. शिवाय मुदत टळली की जुनी करपद्धत निवडण्याचा हक्कही जातो. घरकर्जाचे व्याज, विमा, भविष्यनिर्वाह निधी यांच्या वजावटी ज्यांना मोठ्या आहेत त्यांना हे महागात पडते.

दुसरा गैरसमज आमच्या रोजच्या कामातला. “बँकेने टीडीएस कापला, म्हणजे आमचा कर भरून झाला.” असे नाही. समजा एखाद्याचे करपात्र उत्पन्न १४ लाख असून त्यात मुदत ठेवीचे व्याज ६० हजार आहे. बँक १० टक्के म्हणजे ६ हजार कापते. पण नव्या पद्धतीत त्याचा वरचा टप्पा १५ टक्क्यांचा. ६० हजारांवर ९ हजार आणि ४ टक्के अधिभार धरून ९,३६० रुपये होतात. उरलेले ३,३६० त्याने स्वतः भरायचे असतात. कार्यालयाने दिलेल्या फॉर्म १६ मध्ये हे व्याज बहुधा नसतेच, कारण कार्यालयाला ते सांगितलेलेच नसते. आयकर खात्याला मात्र बँकेकडून सर्व कळते. खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचे वार्षिक माहितीपत्रक, ज्याला एआयएस म्हणतात, ते पाहता येते. विवरणपत्राला हात घालण्यापूर्वी ते आणि २६ एएस ही दोन्ही पत्रके फॉर्म १६ शेजारी ठेवून ताडून पाहावीत. आमच्या मते अर्धे काम तेथेच होते.

याची उलट बाजूही आहे, आणि ती आम्हांस अधिक जिव्हाळ्याची वाटते. साठीच्या आतल्या एखाद्या भगिनीला पतीच्या पश्चात वर्षाला ३,६०,००० रुपये कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. मिळालेली रक्कम तिने मुदत ठेवीत ठेवली, तिचे व्याज ६० हजार आले. व्याज ५० हजारांवर गेल्याने बँकेने ६ हजार कापले. आता हिशेब पाहा. कुटुंबनिवृत्तिवेतनातून नव्या पद्धतीत २५ हजार वजा होतात, उरले ३,३५,०००. व्याज मिळवून ३,९५,०००. म्हणजे ४ लाखांच्या आत. तिच्यावर कर नाही आणि विवरणपत्राची सक्तीही नाही. पण कापलेले ६ हजार परत हवे असतील तर विवरणपत्राखेरीज मार्ग नाही. वर्षाच्या सुरुवातीस १५ जी फॉर्म बँकेत दिला असता तर कपातच टळली असती. अशा कितीतरी भगिनी हे पैसे सोडून देतात. ज्या घरात शिकलेला मुलगा-मुलगी आहे त्यांनी आईचे, मावशीचे पासबुक एकदा या दृष्टीने पाहावे.

आता मदत कोणाची घ्यावी ? ज्याचे उत्पन्न पगार किंवा पेन्शन आणि बँकेचे व्याज एवढेच आहे, त्याने ‘सहज’ नावाचा फॉर्म स्वतः भरावा. बरीचशी माहिती आधीच भरून आलेली असते. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ते एका संध्याकाळचे काम आहे. (विद्यार्थ्यांसाठी जाता जाता : शिक्षणासाठी मिळणारी शिष्यवृत्ती करमुक्त असते.) मात्र घर, जमीन वा शेअर विकले असतील, किंवा मागील वर्षांच्या पगाराची थकबाकी एकदम मिळाली असेल, तर जाणकाराकडे जावे. थकबाकीवरील सवलतीसाठी विवरणपत्राआधी १० ई हा फॉर्म भरावा लागतो. तो राहिला तर सवलत नाकारली जाते. हे सनदी लेखापालाला किंवा अनुभवी करसल्लागाराला ठाऊक असते, आणि त्याची फी येथे वसूल होते.

भीती आहे ती तिसऱ्याच प्रकारच्या माणसाची. हा कार्यालयाच्या गेटवर किंवा कँटीनमध्ये भेटतो. “पूर्ण रिफंड काढून देतो, त्यातले अमुक टक्के मला,” एवढेच त्याचे भांडवल. मग नसलेले घरभाडे, न दिलेली राजकीय देणगी, न घेतलेले कर्ज असे काहीही विवरणपत्रात जाते. १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींच्या प्रकरणी देशात १५० ठिकाणी तपासणी केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचेही खात्याने तेव्हा सांगितले. हे दलाल तात्पुरता ई-मेल उघडून त्यावरून शेकडो विवरणपत्रे भरतात व नंतर तो सोडून देतात. नोटीस तेथेच पडून राहते. करदात्याला काही कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. खोटी माहिती देऊन बुडवलेल्या करावर दुप्पट, म्हणजे २०० टक्के दंड होऊ शकतो, शिवाय मूळ कर आणि व्याज वेगळे. आणि हा दंड दलालाला नव्हे, विवरणपत्र ज्याच्या नावाचे त्याला. “मला काय माहीत, त्याने भरले” हे उत्तर चालत नाही. चूक लक्षात येताच सुधारित विवरणपत्र भरावे. ती मुदतही गेली असेल तर आकारणी वर्ष संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येते, पण त्यात २५ ते ७० टक्के जादा कर द्यावा लागतो.

टक्केवारीवर फी मागणारा माणूस म्हणूनच पहिल्या भेटीत टाळावा. सनदी लेखापालांना त्यांच्या शिस्तीच्या नियमांनी अशी फी घेण्यास सर्वसाधारणपणे मनाईच आहे. कोणाकडूनही भरून घ्या, पण मोबाइल क्रमांक व ई-मेल आपलाच द्या, सादर करण्याआधी प्रत्येक वजावट वाचा, आणि पोचपावतीबरोबर संपूर्ण फॉर्मची प्रत मागून घ्या. त्यानंतर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करावी लागते. ती राहिली तर भरलेले विवरणपत्र अग्राह्य ठरते. रिफंडसाठी बँकखाते संकेतस्थळावर प्रमाणित केलेले असावे. खात्यावरील नाव आणि पॅनवरील नाव जुळत नसल्याने पैसे अडकलेले खातेदार आमच्याकडे नेहमी येतात.

शेवटी देणगीदारांच्या एका प्रश्नाविषयी. कोणत्याही संस्थेला दिलेल्या देणगीवर आपोआप सवलत मिळत नाही. त्या संस्थेकडे ८० जी ची मान्यता हवी, तिने दिलेले १० बीई प्रमाणपत्र हवे, रक्कम २ हजारांहून जास्त असल्यास ती रोखीने दिलेली नसावी, आणि देणगीदाराने जुनी करपद्धत निवडलेली असावी. साध्या पावतीवर सवलत मागू नये.