मंदगतीचा विकार आणि साडेसाती

अहिल्यानगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापुरीं देव उघड्या चौथऱ्यावर आहे, आणि घरांस परंपरेनें दारें-कुलपें नाहींत. शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा. त्याला ‘पंगु’ असेंहि नांव आहे. त्यामुळेंच कीं काय, घरांतील कर्त्या पुरुषाचा तोल जाऊं लागला, जीभ जड झाली, कीं प्रथम पत्रिका उघडली जाते. पुढें त्याच्याच भावाचे हातपाय वाळूं लागले, म्हणजे धाकट्या सुनेच्या पायगुणावर ठपका येतो.

या कोड्याचा एक धागा आपल्याच मुंबईंत सांपडला आहे. १९७१ सालीं डॉ. नोशीर वाडिया व डॉ. स्वामी यांनीं नऊ कुटुंबांतील एका आनुवंशिक विकाराचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत लहान मेंदू झिजून चाल डळमळते आणि डोळ्यांची हालचालहि विलक्षण मंद होते. या वर्णनाशीं जुळणारा जो प्रकार आज ‘एससीए-२’ म्हणून ओळखला जातो, त्याचें मूळ १९९६ सालीं बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकांत आढळलें. या जनुकांत तीन अक्षरांचें एक पद बहुधा बावीस वेळां येतें. तेंच चौतीस किंवा अधिक वेळां आलें, तर हा विकार जडण्याचा संभव असतो.

२०१० सालीं आणखी एक गोष्ट उजेडांत आली. ही आवृत्ति सुमारें २७ ते ३३ वेळां झाली, तर ‘एएलएस’ या दुसऱ्याच रोगाचा धोका वाढतो. त्यांत स्नायूंना चालविणाऱ्या मज्जापेशी मरतात व हातपाय वाळतात. क्वचित् एकाच कुळांत दोन्ही रोग दिसतात, त्याचें एक कारण हें असूं शकतें. मात्र एएलएसचे बहुतेक रोगी आनुवंशिक नसतात, हेंहि विसरूं नये.

एससीए-२ हा विकार आईकडून वा बापाकडून, मुलास वा मुलीस सारखाच येतो. प्रत्येक अपत्यास संभव निम्मा. तेव्हां परक्या घरून आलेल्या सुनेचा दिराच्या दुखण्याशीं संबंध तो काय? तो झिजणारा मेंदू पूर्ववत् करणारें औषध अद्यापि नाहीं. परंतु व्यायामानें तोल सांवरतो आणि गिळतांना ठसका लागूं नये म्हणून उपाय करतां येतात.

आमची वाचकांस विनंति एवढीच: देवदर्शन अवश्य घ्यावें, पण कुळांत कोणास, कोणत्या वयांत काय झालें, हें लिहून ठेवावें व मेंदूच्या वैद्यास दाखवावें. जाणत्या मुलांस तें सांगावें. तपासणी मात्र त्यांच्या इच्छेनेंच व्हावी. सोयरीक जुळवितांना ही हकीकत लपविल्यास रोग टळत नाहीं, दोन घरांतील विश्वास तेवढा जातो.